विकणे आहे : पॅकार्ड, १९४८

शेठ म्हणाले, जाहिरात तूच लिही,
तिची नाडी तुला ठाऊक.
म्हणून लिहिलं :
उघड्या टपाची, डाव्या स्टेअरिंगची,
आठ सिलेंडर एका रांगेत, रंग दुधी,
कागदपत्रं पूर्ण, चालू स्थितीत.
पुढं 'मूळ अवस्थेत' असं लिहायचं होतं.
तिथं पेन अडलं.

शाहूपुरीत, मगदूमांच्या अडतीत
गुळाच्या रव्यांमागं एकोणतीस वर्षं उभी होती ती.
टायर फरशीला चिकटलेले,
डिक्कीत मांजरीची बाळंतपणं,
सीटच्या स्प्रिंगांत मुंगळ्यांचं अख्खं गाव.
बॉनेट उचकटलं तेव्हा
आधी गुळाचा वास आला, मग गंजाचा.
दस्तगीर मिस्त्रींनी इंजिनाला कान लावला,
बराच वेळ लावला,
आणि म्हणाले, हाय. जीव हाय.

साडेचार वर्षं गेली.
परदेशातून एका पंपाचा भाव आला,
तेवढ्यात माझी वरची खोली बांधून झाली असती.
पंप मग शिरोलीच्या भट्टीत ओतला.
दोन ओतीव तडकले,
तिसऱ्या वेळी भट्टीपुढं नारळ फोडला, आणि धरला त्यानं.
तळाचा पत्रा तेलाच्या पिंपाचा,
बाबालालनं ठोकून ठोकून असा बसवला
की जोड कुठं आहे
हे आता बाबालाललाही सापडत नाही.

सीटा सुभाषनगरच्या शिवलिंग व्हटकरांनी शिवल्या,
आयुष्यभर पायताणं शिवलेल्या हातांनी.
कुणी बसलं की करकर वाजतात.
मी म्हणालो, काका, तेल देऊ का थोडं?
म्हणाले, वाजू दे की.
माणूस आलेला कळाय नको व्हय?

राहिला नाकावरचा पक्षी.
जागेवर नुसती दोन भोकं,
आणि जुन्या पुस्तकात एक धुरकट फोटो.
कुणी म्हणे हंस, कुणी म्हणे बदक.
पॅटर्नवाल्या गुंडू सुतारांनी फोटो सुलटा धरला, उलटा धरला,
मग भडंगाची पुडी घेऊन
तीन संध्याकाळ रंकाळ्यावर जाऊन बसले.
चौथ्या दिवशी सागवानात कोरून आणला
पंख वाळत घातलेला पाणकावळा,
मान जराशी वाकडी,
जसा तिथं दगडावर रोज बसतो तसा.
पितळेत ओतला, वर क्रोम चढवला.

कात्यायनीच्या चढावर पहाटे पहिल्यांदा नेली,
टप खाली करून, थंडीत.
समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या.
पुढच्या ड्रायव्हरनं ट्रॅक्टर बाजूला घेतला,
डोक्याचा टॉवेल काढला,
आणि बोलला काहीच नाही.

परवा पुण्याहून गिऱ्हाईक आलं,
हातमोजे, बॅटरी आणि एक चुंबक घेऊन.
चुंबक दारांवर फिरलं, मडगार्डांवर फिरलं,
गाडीखाली पिंपाच्या पत्र्यालाही चिकटलं झक्कास.
मान डोलावत तो नाकापाशी आला आणि हसला,
हा ड्युप्लिकेट.
पिशवीतून मखमलीची पुडी काढली, उलगडली :
अस्सल, तिकडचा.
म्हणाला, हंस नाही हो हा. पाणकावळा.

आम्ही सगळे गुंडूअण्णांकडं बघाय लागलो.
त्यांनी चष्मा वर केला,
अस्सल हातात घेऊन उलटापालटा बघितला,
मान आखडल्याय ह्याची, म्हणाले,
आणि देऊन टाकला.

दोन नट मीच सोडवले.
आमचा माझ्या हातात आला,
त्याचा जागेवर बसला, ताठ.
नोटा मोजून झाल्या. शेठ पाठ करून उभे राहिले.
गिऱ्हाईक दार उघडून आत बसलं
तशी सीट वाजली, करकर,
भर दुपारी मोठ्यानं.
हा आवाज कसला, त्यानं विचारलं.

मूळचा, मी म्हणालो.

गाडी तावडे हॉटेलाकडं वळून दिसेनाशी झाली.
सकाळभर इंजिन चालवून दाखवलं होतं ना,
पाणकावळा अजून हातात ऊन लागत होता.